समोरून काढलेला एकच फोटो

मी, सयाजी गणपती मोरबाळे, वय सदुसष्ट, धंदा फोटोग्राफी, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. फुप्फुसांनी दगा दिला असला तरी डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला घरात कोणी उरलेलेच नाही.

१. स्टुडिओचा गाळा पुतण्या विश्वजित याला द्यावा. तो तिथे मोबाईलचे दुकान काढणार, हे मला ठाऊक आहे. काढू दे. मात्र माझ्या निगेटिव्हना त्याने हात लावू नये. मला न विचारता त्याने मी काढलेला एक फोटो हायवेवरच्या हॉटेलवाल्याला दिला. आज विठाबाई तिथे हात धुवायच्या बेसिनवर टांगलेली आहे.

२. विठाबाई येडगे ही मलकापूरच्या वरच्या रानातल्या धनगरवाड्यावरची. १९९१ पासून पंधरा वर्षे मी त्या एका घराचे रोजचे जगणे टिपले. म्हशी, ताक, चूल, भांडणे, बाळंतपणे, सगळे. माझा नियम एकच: कॅमेऱ्याकडे बघायचे नाही. बघितले की फोटो खोटा होतो, असे मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो. "बरं पावणं, न्हाय बघत," म्हणून ती हसायची आणि खरेच बघायची नाही. शेवटपर्यंत मी तिचा पावणंच राहिलो. पुढे रान सोडायचा हुकूम आला, वाडा उठला, म्हशी विकल्या गेल्या. तिचा मुलगा धोंडीराम आता उचगावात वॉचमन आहे.

३. गेल्या पावसाळ्यात विठाबाई वारली. रक्षाविसर्जन आटोपून धोंडीराम भिंतीवर लावायला फोटो मागायला आला. आम्ही दोघांनी सगळ्या पेट्या उपसल्या. पाठमोरी, वाकलेली, धुरात, म्हशीआड. समोरून एकही नाही.

"एवढं फोटू काढलासा, आन् आई आमच्याकडं बघत्याय असा एक बी न्हाय? हार काय पाठीला घालू?"

मी उपसलेल्या पेट्या पुन्हा भरायला घेतल्या.

४. सर्व निगेटिव्ह धोंडीरामच्या. त्याच्या घरचे आहे, त्याच्या घरी जावे. पण तो घेणार नाही. "ठेवू कुठं? एक खोली हाय," असे सांगून गेला आहे. निम्म्यांना बुरशीही लागली आहे. त्याने नाकारल्यास त्या माझ्याबरोबर जाळाव्यात. कोणी प्रदर्शन भरवू नये.

५. कॅमेरा कोणीही न्यावा. त्याच्या पेटीत एक फोटो आहे, तो आधी काढून घ्यावा. एकदा विठाबाईने कॅमेरा माझ्या गळ्यातून ओढून घेतला आणि डोळ्याला लावला. "आता तुमी. हिकडं बघा की पावणं, माझ्याकडं!" मी बघितले. तिने बटण दाबले.

माझ्या पश्चात भिंतीवर तोच लावावा. थोडा हललेला आहे, चालेल. त्या सगळ्या वर्षांत विठाबाई समोर बघत होती असा तो एकच फोटो, आणि त्यात दिसतो मी.

वरील मजकूर दोनदा वाचला. खोडायचे काही नाही.

सही: स. ग. मोरबाळे

साक्षीदार:
आकाराम शंकर पोवार, शेजारी
डॉ. प्रियदर्शनी बुद्धभूषण कांबळे

कोल्हापूर, १२ जानेवारी २००८