घोडा झाला, गाय राहिली

६ जुलै
मशीन आलं. लाकूड कोरणारा सीएनसी राउटर, ट्रंकेएवढा. स्क्रू इतके की कंपनीने चुकून दोन मशीनचे भरले असावेत. माहितीपुस्तक वाचणार नाही. जन्म घड्याळांच्या कारखान्यात गेलाय. खरेदी विभागात होतो, पण कारखान्यातच ना.

संकल्प: सुमिए गेल्यानंतरच्या पहिल्या ओबोनच्या, म्हणजे ऑगस्टातल्या पितरांच्या सणाच्या आत एक लाकडी घोडा, एक लाकडी गाय. लोक काकडीला काड्यांचे पाय टोचून घोडा करतात आणि वांग्याची गाय. गेलेलं माणूस घोड्यावरून भरभर घरी यावं, गायीवरून रमतगमत परत जावं, म्हणून. काकडी दोन दिवसांत सुकते. माझी बायको सुकलेल्या काकडीवरून येणार नाही.

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. नुसता छंद.

७ जुलै
नागोयाहून चिझुरुचा फोन. बाबा, जेवता ना वेळेवर? मागे कसला आवाज येतोय? म्हटलं, ड्रिल. मग म्हणाली, आई फेब्रुवारीत गेली तेव्हापासून म्हणतेय, थोडे दिवस माझ्याकडे या. सवड नाही म्हणून सांगितलं. लेकीला वाटतं, बाप एकटा पडलाय. कामात असलेला माणूस एकटा कसा पडेल?

११ जुलै
जोडणी पूर्ण. चार स्क्रू उरले. जास्तीचेच असणार.

मशीन चटईच्या खोलीत ठेवलं, सुमिएच्या फोटोसमोर. सोबत म्हणून नव्हे. तिथली जमीन सपाट आहे.

१५ जुलै, सकाळ
पहिला प्रयोग. लाकडाचा वरचा पृष्ठभाग कुठे आहे ते मशीनला आधी सांगावं लागतं. त्याला झिरो लावणं म्हणतात. मी अंदाजे लावला.

१५ जुलै, थोड्या वेळाने
बिट, म्हणजे कोरणारं पातं, फळीतून गेलं, फळीखालच्या पाटातून गेलं, चटईत शिरलं आणि तुटलं. मशीनमध्ये ताकद आहे हे सिद्ध झालं.

शेजारच्या मोमोसेबाई धावत आल्या. अहो मियाशितासान, कुणाचे दात काढताय की काय घरात? हातात परसातल्या काकड्या. म्हणाल्या, घ्या, यंदा घोड्याला तुम्हालाही लागणार. मी म्हटलं, आमचा घोडा लाकडाचा. त्या म्हणाल्या, लाकडाचा? मग सोळा ऑगस्टला, पितर परत निघाले की, त्याला निरोप कसा देणार हो? टिकाऊ वस्तूचं महत्त्व सगळ्यांना कळत नाही. काकड्या ठेवून घेतल्या. कोशिंबीर बरी झाली.

२४ जुलै
भुसा फार उडतो. फोटोवर बसतो. सारखा पुसावा लागतो. ती असती तर म्हणाली असती, आधी ते धूड घेऊन अंगणात व्हा. आज पुसता पुसता फोटो हातात राहिला आणि दुपार गेली. डोळ्यांतून पाणी येतंय. भुशाची ॲलर्जी असणार. उद्यापासून मास्क.

३ ऑगस्ट
यश! घोड्याची डावी बाजू कोरून झाली. हिनोकी लाकडाचा वास घरभर. आता उजवी बाजू कोरायची आणि दोन्ही चिकटवायच्या. मशीनला द्यायची आकृतीची फाइल तीच चालेल. घोडा काय, दोन्हीकडून सारखाच.

४ ऑगस्ट
फाइल तीच चालत नाही. दोन्ही डाव्या बाजू झाल्या. चिकटवल्यावर दोन्ही टोकांना तोंड. घोडा आलाय की निघालाय, काही कळेना. आकृती उलटी करणारं 'मिरर' नावाचं बटण असतं म्हणे. ते मोठं आणि लाल करायला काय झालं होतं?

१० ऑगस्ट
घोडा झाला. एक कान मशीनने घेतला. भिंतीला टेकवला की उभा राहतो. उत्तम.

गायीची फाइल तयार आहे. बटण दाबायचं फक्त. आज उकाडा फार.

११ ऑगस्ट
गाय नाही. बिट बोथट झालंय.

१२ ऑगस्ट
नवं बिट आलं. गाय नाही. घाईत चांगलं काम होत नसतं. आणि गाय लागते सोळाला. आणायची घाई असते, पोचवायची कसली?

१३ ऑगस्ट
चिझुरु आली. संध्याकाळी येणाऱ्याला वाट दिसावी म्हणून दारात भूर्जाची साल पेटवली, घोडा घराकडे तोंड करून ठेवला. चिझुरुने विचारलं, बाबा, हा कुत्रा आहे का? मग त्याच्या पाठीवरून बराच वेळ हात फिरवत बसली. गाय कुठंय म्हणाली. होईल म्हटलं. तिचा बापावर भरवसा नाही. मोमोसेबाईंकडून वांगं आणून, काड्या टोचून फोटोशेजारी ठेवलं.

जेवताना मी फार बोललो. मशीनचं सगळं सांगितलं, फोटोकडे तोंड करून. चिझुरु म्हणाली, किती दिवसांनी बोलताय बाबा.

१५ ऑगस्ट
चिझुरु बाजारात गेली होती. वांगं खाल्लं. भाजून, मिसो लावून. सुरकुतायला लागलं होतं. अन्न वाया घालवू नये.

१६ ऑगस्ट
चिझुरुने घरभर वांगं शोधलं. शेवटी सांगितलं. म्हणाली, बाबा, गाय खाल्लीत तुम्ही? आणि हसत सुटली. हसता हसता खाली बसली. म्हणाली, आईचे गुडघे विसरलात? जिना उतरताना डोळ्यांत पाणी यायचं तिच्या. तुम्हाला ती जायला नको, म्हणून डोंगरापलीकडे तिने पायी जायचं का?

मला नकोच आहे. ती जायला नको. हे मी मनात म्हटलं असं मला वाटलं. चिझुरु म्हणते, मोमोसेबाईंनासुद्धा ऐकू गेलं असेल.

मग स्वतःच मोमोसेबाईंकडे गेलो. वांगं मागितलं. त्यांनी परसात नेलं. तिथलं सगळ्यांत जाडजूड निवडलं. बाई म्हणाल्या, हे फार जड हो, पाय मोडतील. म्हटलं, असू द्या. हळूच जायचंय.

पाय मी लावले. दोनदा आडवी झाली, तिसऱ्यांदा उभी राहिली. पाठीवर सुमिएच्या सामानासाठी थोडी जागा राहील असं बघितलं. चिझुरुने तिचं तोंड रस्त्याकडे केलं. मला जमलं नाही. साल पेटवली. भूर्ज फार लवकर जळतं.

गेली.

१७ ऑगस्ट
चिझुरु सकाळच्या गाडीने गेली. खोली झाडली. मशीन सुरू केलं. फळी बसवली. झिरो पहिल्याच फटक्यात अचूक लागला.

काय कोरायचं ते सुचेना. थोडा वेळ नुसतंच चालू ठेवलं. मग बंद केलं.