एकेचाळीस सेकंद

प्रिय घड्याळ्या,

त्या सकाळी मी कामावर डबा आणला होता, पण त्यात जेवण नव्हतं; फोन होता. कल्पना तुझीच. राष्ट्राध्यक्ष रेडिओवर बोलायला येणार म्हणून स्टुडिओच्या दारात रखवालदार सगळ्यांचे फोन काढून घेत होता, आणि तू जिन्यातच माझ्या कानाशी म्हणालास, "बुवा, डब्यात टाक. जेवण हुंगायला कुणी येत नाही." आदल्या दुपारी स्टेशनवर स्फोट झाले होते, आणि माझी लेक त्याच वेळच्या गाडीने परत येणार होती. मी आणि तुझी वहिनी इस्पितळं पालथी घालत फिरलो. जखमींत नाही, मेलेल्यांत नाही, कुठेच नाही. सकाळी देवापुढे बसलो तर एक शब्द सुचेना. शेवटी तुझी वहिनीच म्हणाली, "तुम्ही कामावर जा. घरात येरझाऱ्या घालून फरशी तेवढी झिजवाल. मी आणि माझा भाऊ शोधतो."

अकरा वाजता राष्ट्राध्यक्ष बाई बोलायला बसल्या. काचेच्या पलीकडे त्या, अलीकडे आपण दोघं. माझ्या हाताखाली राखीव संगीताचं बटण, तुझ्या नजरेसमोर घड्याळ. नियम आपल्याला झोपेतही पाठ: सात सेकंद आवाज आला नाही की बटण दाबायचं. रेडिओवर शांतता म्हणजे बिघाड. बावीस वर्षं तू बोटांवर सात मोजत आलास आणि मी दाबत आलो. एकदाही चुकलो नाही.

बाईंनी लिहून आणलेलं भाषण बाजूला सारलं आणि गेलेल्यांची नावं वाचायला घेतली. प्रत्येक नावामागे त्याचं काम. कुणी गार्ड, कुणी शिंपी, कुणी फळं विकणारी. घरच्यांना कळवल्याशिवाय नाव यादीत घेत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण बापाच्या मनाला नियम कुठे कळतात? प्रत्येक नावाआधी मी म्हणत होतो, देवा, ही नको. आणि लगेच शरमेने मान खाली जायची, कारण ही नाही तर दुसऱ्या कुणाची तरी होतीच. सतराव्या नावानंतर बाई थांबल्या. त्यांनी चष्मा काढला. ओठ हलले, पण आवाज फुटेना.

तू बोटं दाखवायला लागलास. चार. पाच. सहा. आणि माझ्या पायाशी डबा थरथरला, डबीत भुंगा कोंडावा तसा. मी बटणावरचा हात काढला आणि झाकण उघडलं. अनोळखी नंबरवरून मेसेज. "बाबा, मी शहराबाहेरच्या इस्पितळात. पाय मोडलाय, बाकी ठीक. फोन शेजारच्या खाटेवरच्या मावशींचा आहे."

मी ते चार वेळा वाचलं. मान वर केली तेव्हा तू सात बोटं तशीच उभी धरून माझ्याकडे बघत होतास. माझ्या तोंडावरूनच तुला कळलं. तू हात खाली घेतलास. तुझाही हात बटणापर्यंत सहज पोचला असता. तू नेला नाहीस. एकेचाळीस सेकंद देशभरच्या घरांत, दुकानांत, गाड्यांत काहीच वाजलं नाही. मग बाई म्हणाल्या, "अठरावं नाव सहा वर्षांच्या मुलाचं आहे. त्याचं काम अजून ठरलेलं नव्हतं." उरलेली पाच नावं वाचून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "गुन्हेगारांना पकडण्याचं काम सरकारचं, ते आम्ही करू. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. आज कुणी एकटं जेवू नका. शेजारचं दार वाजवा."

पुढचं तुला मी काय सांगणार? बाहेर वाहवा, आत चौकशी. लोक म्हणाले, कुणी शहाणा माणूस बसला असेल म्हणून ती शांतता मोडली नाही. ऑफिस म्हणालं, नियम कुणी मोडला? चौकशी झाली तेव्हा मी ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. परत येतो तर तू साहेबांना सांगून मोकळा झालेला, की "बुवाची तब्येत बरी नव्हती, बटणावर मी होतो." ड्यूटीच्या तक्त्यातही तू नावांची अदलाबदल करून ठेवली होतीस. आठवड्यात तुझी डोंगरावरच्या टॉवरवर बदली. निघताना वळकटी खांद्यावर टाकत म्हणालास, "पोरीला चालती कर आधी. मला काय, वर थंड हवा, आणि साहेबांचं तोंड नाही!" मी हसलो. घड्याळ्या, मी नुसता हसलो रे. आभारही मानले नाहीत.

आमच्या गावच्या शाळेत गुरुजी हजेरी घ्यायचे. एका वर्षी आमच्या वर्गातली एक मुलगी तापाने गेली. पुढे कितीतरी दिवस गुरुजी तिच्या नावापाशी यायचे, थांबायचे, आणि मग पुढचं नाव घ्यायचे. वर्गात कुणी चुळबुळ करत नसे. तेच आठवून मी त्या दिवशी हात आवरला, असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण ते मला नंतर आठवलं. खरं काय ते तुला माहीत आहे. मी माझ्या लेकीचा निरोप वाचत होतो.

मागच्या महिन्यात कॉलेजची मुलं स्टुडिओ बघायला आली. त्यातल्या एकीने विचारलं, "ती शांतता तुम्हीच राखलीत ना, काका?" मी नाही म्हणालो नाही. पुन्हा नुसता हसलो. त्या दिवशी जेवण गेलं नाही. देशाची शांतता एकेचाळीस सेकंदांची होती. माझी आठ महिने चालली होती.

लेक आता काठीशिवाय चालते. परवा दारापर्यंत गेली, कडी काढली आणि फोनवाल्या मावशींना आत घेतलं. त्या दर रविवारी येतात आणि तिच्यापेक्षा मलाच जास्त रागावतात. मावशींना बसवून लेक म्हणाली, "बाबा, मी चालायला लागले. आता टॉवरवरचे काका कधी येणार?" रोज देवाचे आभार मानणारा मी, ज्याच्यामुळे तिच्या उशाशी बसायला मिळालं त्याला मात्र एक ओळ लिहिली नव्हती.

म्हणून सोमवारी साहेबांपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. डबा, फोन, तक्ता, सगळं. लिहून सही करून दिलं. साहेबांनी कागद वाचून फायलीत ठेवला. मग म्हणाले, "बुवा, तुमचं म्हणणं कळलं. पण टॉवरवर एक माणूस लागतोच." मी म्हटलं, "माणूस हजर आहे, साहेब." तुझ्या परतीचा हुकूम याच पाकिटात आहे; माझा माझ्या खिशात. इथली तुझी खुर्ची मी पुसून ठेवली आहे. येत्या एक तारखेला मी वर पोचतो, तोवर निघू नकोस. तोच डबा घेऊन येतोय. या वेळी त्यात दोघांचं जेवण असेल, आणि ते तुझ्या पुतणीने स्वतःच्या पायांवर उभं राहून केलेलं असेल.

तुझाच,
बुवा