फोनवरून वाईला

१२ जानेवारी, सोमवार
बर्फ पडणार पडणार म्हणतात, पडत नाही. दुपारी शहराच्या दुसऱ्या टोकाला, स्टॅनमोरला, कुमुदला फोन. शिल्पाने उचलला. कुमुदची सून. "काकू, सकाळपासून 'आक्काचा फोन आला का' हेच चाललंय," म्हणाली आणि सासूच्या कानाला लावून दिला.
बोलता बोलता आज आम्ही घाटावर गेलो. कुमुद म्हणाली, पाणी चढलंय, खालच्या पायरीवर नको जाऊस. नाही जात, म्हटलं. परकर पिळले, गणपतीला बाहेरूनच नमस्कार केला. परत येताना तिला ऊन लागलं. इथे खिडकीबाहेर नुसता करडा अंधार, आणि मलाही लागलं, खरंच.
वाई मी जन्मात पाहिलेली नाही. मी नागपूरची. पण इथल्या शाळेच्या किचनमध्ये दोघींनी इतकी वर्षं बटाटे सोलले, त्यात तिने सगळी वाई सांगून टाकली. आक्का म्हणजे तिची थोरली बहीण. कधीच गेली ती. कुमुदच्या डोक्यातून तेवढं पुसलं गेलंय. फोनवर माझा आवाज म्हणजे आक्का. एकदा म्हटलं, "अगं, मी विमल." इतकी रडली की परत कधी म्हटलं नाही.

१९ जानेवारी, सोमवार
फोन बंद. कानाला लावला तर काहीच नाही, विहिरीत कान घातल्यासारखं. बिल राहिलं होतं. माहीत होतं, तरी वाटत होतं की आणखी थोडे दिवस...
घर गरम ठेवायचं की फोन. हे असते तर काय म्हणाले असते? "सरकारपुढे हात पसरायचा नाही." हेच.

२१ जानेवारी, बुधवार
कोपऱ्यावरच्या फोनबॉक्समधून केला. बाजूने बस गेली. कुमुद घाबरली. "कोण आहे? आक्काच्या घराशी मोटारी नाहीत." मीच ठेवून दिला. शिल्पाला काय सांगू? तिने उचलला तेव्हा लाइन बिघडलीय म्हटलं होतं.

२४ जानेवारी, शनिवार
शेवटी गेले स्टॅनमोरला. म्हाताऱ्यांचा फुकट पास आहे म्हणून बरं. स्ट्रॅटफर्डला गाडी बदलताना गुडघे बोलायला लागले. बरोबर मेथीचे पराठे.
कुमुद खिडकीशी बसलेली. केस छान विंचरलेले. मला बघून उठली, नमस्कार केला. "या, बसा ना. लांबून आलात?" तुम्ही म्हणाली मला.
म्हटलं, कुमुद, त्या दिवशी घाटावर... तिने शिल्पाकडे बघितलं. मग माझ्याकडे, अगदी सभ्य हसून. "माझी बहीण करते हो मला फोन. हल्ली करत नाही. रागावलीय की काय."
समोर बसून मी तिला आक्काच्या आवाजात काही बोलू शकले नाही. चेहरा आड आला. पराठा तिने दोन बोटांनी, परक्या घरी खातात तसा खाल्ला.
दारात शिल्पाने विचारलं, तेव्हा खरं सांगितलं. "काकू, मी भरते ना बिल. तुम्ही आईंसाठी करता." नको म्हटलं. गाडीत बसल्यावर वाटलं, कशाला नको म्हटलं? पण नकोच.

२७ जानेवारी, मंगळवार
लायब्ररीत सल्ला द्यायला बसतात तिथे मिसेस गिल. माझ्यापेक्षा लहान, आंटीजी म्हणते. कमी उत्पन्नवाल्यांसाठी स्वस्त लाइन असते म्हणाली, भाडं अगदी थोडं, त्यातच थोडे कॉल. पण पेन्शन क्रेडिट, म्हणजे पेन्शन अपुरी पडते त्यांना सरकार वर देतं ते, मिळत असेल तरच, आणि लाइन त्याच माणसाच्या नावावर हवी. मला पेन्शन क्रेडिट नाही. कधी मागितलंच नाही.
"का नाही?"
ह्यांचं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "आंटीजी, इतकी वर्षं टॅक्स भरलात ना? मग मागणं कसलं, ते तुमचंच आहे."
सही केली. घरी येऊन ह्यांच्या फोटोकडे बघितलं नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार
रात्रीत बर्फ. एवढं इथे कधी पाहिलं नाही. बसेस बंद, शाळा बंद, रस्त्याला आवाजच नाही. पडून राहिले. डोळा लागला की काय कोण जाणे, वाईला गेले. एकटीच. घाट पांढरा, पायऱ्या दिसत नव्हत्या. कुमुद पलीकडच्या काठावर कपडे धूत होती. हाक मारली, पण कुठल्या नावाने ओळख द्यायची ते सुचेना.

११ मार्च, बुधवार
पेन्शन क्रेडिट मंजूर! मिसेस गिलच्या टेबलावरूनच फोन कंपनीला फोन. पोरगी गोड होती. पण, "अकाउंट ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याशीच बोलावं लागेल."
"ते वारले."
"सॉरी. मग ते दुपारी असतील का?"
मिसेस गिलने तोंडावर रुमाल धरला. मीही हसले. किती दिवसांनी. मग बाहेर पडले आणि बसस्टॉपवर रडू आलं. लाइन ह्यांच्याच नावावर होती इतके दिवस, मला कधी खटकलं नाही. आता माझ्या नावावर होईल. मागचं बिल थोडं थोडं फेडायचं.

२७ मार्च, शुक्रवार
लाइन आली. नंबर नवा. सकाळी नुसताच उचलून ऐकत बसले, तो एकसारखा सूर. माझ्या नावाचा पहिलाच फोन हा.
शिल्पाला नंबर कळवला. सवलतीत कॉल थोडेच बसतात असंही सांगितलं, न लाजता. "मग रोज मीच लावून देते काकू. उचलायला तर काही पडत नाही ना?" त्यात काही कमीपणा वाटला नाही. आज कुमुदची डॉक्टरकडे अपॉइंटमेंट, उद्या लावते म्हणाली.

२८ मार्च, शनिवार
दुपारी वाजला. शिल्पाने लावून कुमुदच्या कानाला दिला.
"आक्का?"
"हो गं."
"कुठे होतीस?"
पाणी चढलं होतं, म्हटलं. निघता येईना. तिला पटलं. मग घाटावर गेलो. पाणी उतरलंय, पायऱ्यांवर चिखल, जपून चाललो. मध्येच थांबली.
"आक्का, आपल्याकडे एक बाई आल्या होत्या. पराठे घेऊन. लांबून आल्या होत्या बिचाऱ्या. मला फार एकट्या वाटल्या गं. मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नाही."
मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला घेतला.
"तू त्यांना फोन करत जा. तुला बोलता येतं छान. नंबर आहे का त्यांचा?"
"आहे."
"मग आत्ताच कर. मी ठेवते."
आणि खरंच ठेवला. आजवर कधी आपणहून ठेवला नव्हता.
मीही रिसीव्हर ठेवला. उद्या विचारेल, काय म्हणाल्या त्या बाई? काय सांगू...