निजलेला साहेब आणि उंडीखारचा धक्का

श्री. दत्तात्रेयराव व्याहीबोवा, मुक्काम माझगाव, यांस उंडीखारहून तुळशीरामाचा दंडवत. इकडे सर्व खुशाल (माझा गुडघा सोडून). विहीणबाईंचा दमा कसा आहे? तुमचं पत्र पोचलं. पहिलं बाळंतपण माहेरी हे कबूल, पण जिथे लाँचसुद्धा थांबत नाही अशा गावात आहे तरी काय, राही सूनबाईला धाडायचं कसं, असं विचारलंत. ते ऐकल्यापासून राहीच्या आईने माझ्याशी बोलणं टाकलंय (जसं काही लाँच मीच अडवलीय!). म्हणून सविस्तर लिहितो.

गाव जुनं आहे. किती जुनं, ते सांगणारी माणसं राहिली नाहीत, म्हणजे बघा. एकदा फिरंगी इथे लढायला आला म्हणतात. तेवढ्यात ओहोटी लागली, गलबत चिखलात बसलं, नि भरतीची वाट बघत अख्खी फौज उंडीच्या झाडांच्या सावलीत आडवी झाली. उठल्यावर कशासाठी आलो तेच कोणाला आठवेना. जाताना जड म्हणून तोफ ठेवून गेले. ती धक्क्यावर आहे. तिला होड्या बांधतात, आणि तिच्यावर बोंबील फार छान वाळतात. दुपारी खाडीचं पाणी असं निवांत होतं की वरून बगळा गेला तर खालूनही एक जातो. बघता बघता डोळा लागतो (हे लिहिताना माझाही लागला होता).

तर परवा लाँचवाल्यांचा साहेब आला, इथे थांबा द्यावा की नाही ते बघायला. राहीचं येणं आता याच्या हातात, म्हणून तिच्या आईने जिताड्याचं कालवण नि तांदळाच्या भाकऱ्या अशा वाढल्या की बिचाऱ्याला उठवेना. सावलीतल्या होडीत बसून धक्का बघतो म्हणाला. बसला, आणि निजला. तेवढ्यात शेजारच्या सोनाबाईने बोंबील पसरायला तोफ मोकळी हवी म्हणून होडीचा दोर सोडला. ओहोटी लागलेली, होडी निघाली. आणि व्याहीबोवा, जेवून निजलेल्या पाहुण्याला उठवायचं नाही ही आमची बापजाद्यांची रीत! सगळा गाव धक्क्यावर चिडीचूप उभा. सोनाबाईच्या पोराने, भिकूने, हाक मारायला तोंड उघडलं, तर तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला, ‘गप रं, झोप मोडंल त्याची.’ साहेब छातीवर टोपी ठेवून, गोल गोल फिरत, बगळ्यांच्या मधून हळूहळू गेला. इतकं देखणं काही मी जन्मात पाहिलं नाही. होडी पल्याड चिखलात अलगद टेकली तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

साहेब गावावर खूश आहे असं कळलं. तेव्हा राहीला निर्धास्त धाडा. विहीणबाईंना आमच्या दोघांचा नमस्कार, मुलांना गोड पापा.

ता. क. पत्र टाकायचं राहूनच गेलं होतं, तेवढ्यात थांबा मंजूर झाला. फक्त साहेबाला जाग आली ती पल्याडच्या पवळेवाडीत. तेच उंडीखार समजून त्याने ‘गाव उत्तम’ म्हणून शेरा मारला, आणि लाँच आता तिथे थांबते. पाटी मात्र आमच्या नावाची आहे.

आणखी ता. क. तेव्हा राहीला त्या पाटीशी उतरवा. मी कमरेएवढ्या पाण्यात होडी धरून उभा असेन. पोरीच्या पायाला चिखल लागू देणार नाही. तिच्या आईने डिंकाचे लाडू करून ठेवलेत. रोज डबा उघडते, बघते नि डोळे पुसते. नाही म्हणू नका, व्याहीबोवा. एकच सांगणं: लाँचमध्ये बसलं की राहीला लहानपणापासून झोप लागते. सोबत येणाऱ्याला बजावा, उंडीखारची रीत गेली चुलीत, पोरीला हलवून उठव.