हॉलमधला कॅमेरा आणि दादाकडचं वायफाय

स्वप्नाली,

हॉलमधला कॅमेरा चालू झाला. ॲप तुझ्या फोनमध्ये टाकलंय. चार दिवस आपण त्या दुकानदाराला उगाच शिव्या घातल्या. कॅमेऱ्याला आपलं फाइव्ह जीवालं वायफाय चालतच नाही, टू पॉइंट फोरवालंच लागतं. म्हणजे भिंतीपलीकडे दादाकडे पोचतं म्हणून भांडणानंतर तू बंद केलंस, तेच.

आज पहाटे मी ते परत चालू केलं. आता बंद करू नकोस, कॅमेरा बंद पडेल.

दूध घ्यायला दार उघडलं तर समोर वहिनी. म्हणाल्या, "नेट आलं वाटतं." मी म्हटलं, कॅमेऱ्यासाठी चालू केलंय. यशू शाळेतून आली की घरात एकटी असते, ती तुला ऑफिसमधून दिसावी म्हणून. त्यावर "एकटी कशाला?" एवढंच बोलल्या आणि आत गेल्या.

पासवर्ड बदलता आला असता. मी बदलला नाही. रागवायचं तर माझ्यावर रागव, संध्याकाळी ऐकून घेईन.

आणि दुपारी कॅमेऱ्यात घर रिकामं दिसलं तर घाबरू नकोस. यशू काकूकडे जेवत असेल.

नरेंद्र