खोटं पाखरू

बाबा, यंदा थंडी लवकर आली. धानाची कापणी उरकायच्या आतच सकाळी तलावावर धुकं बसायला लागलं आणि काल मी आपल्या खडकांवर जाऊन आले. डोंगराचा पाय जिथे थेट पाण्यात उतरतो आणि काळे दगड कुणी घाईने फेकून दिल्यासारखे काठभर पडलेत, तिथे. गुडघे कुरकुरले, पण गेले. तुमचा बसायचा सपाट दगड तसाच आहे. पाणकावळ्यांनी त्यावर पांढरा हात फिरवून ठेवलाय, एवढंच.

नव्याण्णवच्या हिवाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते आणि तुम्ही, तीस वर्षं याच तलावाचं पाणी शेताशेतांत सोडलेले पाटकरी, मला कोपराने ढोसून विचारता, "का वं, चक्रवाक आले असतीन का आता?" म्हणून नाताळच्या सुटीत मी गोंदियाहून माझी शाळा आणि संसार मागे ठेवून नवेगावला आले आणि रोज पहाटे तुमचा हात धरून काठाने निघू लागले. आई चुलीजवळून लाखोळीचे वडे बांधून द्यायची आणि वर ऐकवायची, "पाखरं पाहून पोट भरते तं वडे ठेवून जा." तुम्ही ते आधीच मफलरमध्ये लपवलेले असायचे.

दगडावर टेकलो की तुमचा एकच प्रश्न. "काय दिसून राह्यलं?" आणि बघायचं होतं कुणी, तर मी! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मला चित्रातला रॉबिन शिकवला होता, त्याच्या छातीच्या रंगासकट. घरामागच्या तलावावर उतरणारं एकही पाखरू मला नावाने माहीत नव्हतं. तुम्ही हसायचात. "तुह्या पुस्तकातला रॉबिन इथं कायले येईल? त्याले नवेगावची एसटी कुठं मालूम हाये?" मग रंग विचारायचात, मान केवढी, उडताना पंख कसे, आणि माझ्या अडाणी उत्तरांतून नाव काढून द्यायचात. मी डोळे, तुम्ही शब्द. असं आपलं चालायचं. त्या आठ-दहा दिवसांत मी जेवढं शिकले तेवढं दहा वर्षांच्या शाळेत शिकले नसेन.

पण एका सकाळी धुकं हटलं तरी पाणी रिकामंच. तुम्ही मान पुढे काढून वाट बघत होता. ती मान मला सोसली नाही. मी म्हटलं, "बाबा, चक्रवाक! पलीकडच्या काठाला, वीस तरी असतील."

तुम्ही कान दिलात. "आवाज नाई येत."

"झोपलेत."

"वीसच्या वीस?"

मला हसू आलं, तुम्हाला आलं नाही. काठी दगडावर आपटून तुम्ही म्हणालात, "नाई दिसलं तं नाई म्हण. मले खोटं पाखरू आणून देऊ नोको. माह्यापाशी आता तुहेच डोळे हायेत, तेच खोटं बोलले तं मी कोनाले इचारू?" बेचाळीस वर्षांची मी, लग्नाला आलेल्या लेकीची आई, शाळेतल्या पोरीसारखी खाली मान घालून घरी आले. वडे दोघांनीही खाल्ले नाहीत, हे आईला मात्र फार लागलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यांत मी एकदाही खोटं बोलले नाही. "काही नाही, बाबा," असं म्हणायला शिकले, आणि नवल म्हणजे त्या 'काही नाही'वरही तुम्ही खूश असायचात. मग ती सकाळ आली. खालच्या दगडावर पाण्यातून एक तपकिरी डोकं वर येतं, मग दुसरं. मिशा झटकतात. एकाच्या तोंडात तडफडणारा मासा. मी तुमचं मनगट घट्ट धरते. "बाबा, पाणमांजरं!"

"परत बनवून राह्यली का मले?"

शपथा घेऊन झाल्या तरी तुमची मान हलेना. ती दोघं पाण्यात गेल्यावर मी तुम्हाला सांभाळत खाली उतरवलं आणि तुमचा तळवा त्या दगडावर ठेवला. दगड ओला होता. तुमच्या बोटांना माशाचे खवले लागले. तुम्ही ते नाकाशी नेलेत, आणि बाबा, तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जे उजाडलं त्यापुढे तलावावरची सकाळ फिकी होती. चहाच्या टपरीवर कुणी "जयभीम दादा" म्हणायचा अवकाश, तुम्ही सुरू. "आज पाह्यलं बरं का, पाणमांजर!" त्या आठवड्यात तुम्ही ते अख्ख्या गावाला दाखवलंत.

तुम्ही गेलात त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. यंदा डॉक्टरांनी मलाही विचारलं, "वडिलांना काचबिंदू होता का?" होता म्हटलं. घाबरू नका, थेंब वेळेवर टाकते आहे, बरंचसं दिसतं. पण लांबचं पाणी आता नुसतं चकाकतं. म्हणून काल नातीला सोबत नेलं. सहा वर्षांची आहे, गोंदियात वाढतेय, अर्धं हिंदीच बोलते. तुमच्या दगडावर बसून मी विचारलं, "काय दिसून राह्यलं?"

तिने सगळं पाणी नजरेने पालथं घातलं. मग माझ्या तोंडाकडे बघून एकदम ओरडली, "आजी, देख ना, पाणमांजर! तीन! नाही, चार!"

मी कान दिला. पाणी दगडांवर चुळूक चुळूक करत होतं, बाकी काही नाही. खालचे दगड मला चांगले दिसतात. ते कोरडे ठणठणीत होते. तुमचं 'खोटं पाखरू आणून देऊ नोको' माझ्या ओठांवर आलं, पण ते मागे सारलं. "काय करताहेत?" मी विचारलं. "एक दुसऱ्याला धक्का देतंय," ती म्हणाली, "छोटावाला रडतोय."

तुमची सगळी पत्रं मीच तुम्हाला वाचून दाखवायचे. हे पत्र मात्र वाचणार नाही, तुमच्या मफलरच्या घडीत ठेवून देणार आहे. कारण इथवर वाचत आले की तुम्ही काठी आपटून विचाराल, "मंग, म्हटलं का तू पोरीले?" म्हटलं नाही, बाबा. चारही ठेवून घेतली.