सोवळ्याचा हंडा

स्नेहलतागंज, इंदूर
१४ मार्च १९५३

चरणी सरोजिनीचा नमस्कार.

हे पत्र चुलीतच जाणार आहे, म्हणून खरं लिहिते. तारेत तुम्हाला फक्त ‘हगवण’ कळवली. उन्हाळ्यापुरती राजधानी इथे हलली, तुमची कचेरी ग्वाल्हेरहून परत आली, की तुम्ही याल आणि लेकीबद्दल विचाराल, तेव्हा माझ्याच्यानं बोलवणार नाही.

पाऊस बुडाल्यापासून नळ तिसऱ्या दिवशी येतो, तोही आधा घंटा. आम्ही परातीत बसून आंघोळ करतो आणि तेच पाणी बादलीत साठवून कपडे धुतो.

त्या दुपारी मी बाजूला बसलेली, दुसरा दिवस. सासूबाईंसकट सगळी आळी विहिरीवर रांगेत होती. कुमुद तापानं फणफणलेली. माझ्यापुरता ठेवलेला तांब्या तिनं केव्हाच संपवला होता. "आई, थंडा पानी दे ना," एवढंच म्हणत होती.

चार हातांवर सासूबाईंचा सोवळ्याचा हंडा होता, काठोकाठ भरलेला. मी शिवले असते तर सगळं पाणी ओतून द्यावं लागलं असतं आणि देवाला, स्वयंपाकाला थेंब उरला नसता. मी बादलीतलं पाणी पदरानं चारदा गाळलं आणि तिला पाजलं. तोंड वाकडं करून ती सगळं प्यायली.

त्याच रात्री हगवण लागली आणि त्यानंतर चौथ्या दिवशी ती गेली.

काल मी सासूबाईंना सगळं सांगितलं. शिव्या देतील असं वाटलं होतं. हंड्याकडे बघत त्या म्हणाल्या, "अगं, घ्यायचंस ना. मी पुन्हा रांगेत उभी राहिले असते."

तुमची,
सरोजिनी